खान्देशच्या उन्हात चेहऱ्याला काय लावावं?

मेडिकलच्या फळीवर दोन लोशनं शेजारी शेजारी असतात. एक सव्वाशे रुपयांचं, साध्या पांढऱ्या बाटलीतलं. दुसरं नऊशेचं, जाड काचेतलं, सोनेरी अक्षरांचं, वर केशराच्या काड्या छापलेलं. दोन्ही उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा पहिली पाच-सहा नावं तीच निघतात: पाणी, ग्लिसरीन, एखादं तेल, सिटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, कधी पेट्रोलॅटम. म्हणजे आतला बराचसा माल तोच. केशर शोधायला गेलात तर ते पार तळाशी, सुगंध आणि रंगाच्या शेजारी सापडतं.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि जळगावात मेडिकलच्या काउंटरमागे काम करते. भुसावळ, रावेर, एरंडोल, पाचोऱ्याहून आलेल्या मुली मोबाइलवर एखाद्या क्रीमचं चित्र दाखवतात आणि विचारतात, ‘ताई, हे चांगलं आहे का?’ मी उलट विचारते, ‘कशासाठी?’ मुरमांसाठी, कोरडेपणासाठी, डागांसाठी की उन्हासाठी? प्रत्येक घटकाला ठरलेलं काम असतं. ते काम आपल्याला हवं आहे का, आणि आपल्या हवेत ते नीट होईल का, एवढं कळलं की निम्मे पैसे वाचतात आणि त्वचेचं नुकसानही टळतं.

आधी यादी वाचायला शिकू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त ते पहिलं. पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कंपनी आपसांत कोणत्याही क्रमाने लिहू शकते. ही १ टक्क्याची रेघ यादीत कुठे आखलेली नसते, तरी ती ओळखायची एक खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं टिकवण-द्रव्य बऱ्याच क्रीममध्ये असतं आणि ते १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्यामुळे यादीत त्याच्या नंतर जे काही येतं ते फार तर १ टक्का, बहुधा त्याहूनही कमी. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘कोरफड’ लिहिलेलं आणि यादीत कोरफड फिनॉक्सीइथेनॉलनंतर, असं दिसलं तर आपण कोरफडीचे नव्हे, तिच्या चित्राचे पैसे देतो आहोत हे समजावं.

मात्र रेघेखालचं सगळंच फुकट असंही नाही. रेटिनॉल अर्ध्या टक्क्यातही काम करतं. सेरामाइड आणि हायलुरॉनिक ॲसिडही बहुतेकदा १ टक्क्याच्या आतच असतात. म्हणून नुसता क्रम पाहून चालत नाही, कोणता घटक किती प्रमाणात काम करतो याचा थोडा अंदाज हवा. पुढे तोच देते.

आपली हवा, आपली त्वचा

त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. एकावर एक पंधरा-वीस पदर, आणि तरी सगळी मिळून जाडी कागदापेक्षा कमी. पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात: मुख्यतः सेरामाइड, मग कोलेस्टेरॉल, मग मेदाम्लं. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा. लाकडं कितीही मजबूत असली तरी त्यांवर चोपून बसवलेली माती धुपली की धाबं गळायला लागतं. त्वचेतही तसंच. पेशी शाबूत असल्या तरी मधली स्निग्धता गेली की आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम आत टोचतो. चेहरा ओढल्यासारखा वाटणं, गालांवर पांढुरकी साल येणं, नेहमीची क्रीमसुद्धा चुरचुरणं, ही या गळतीची लक्षणं.

खान्देशात ही गळती जास्त होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बोचरी कोरडी थंडी. दमट म्हणावे असे महिने पावसाळ्याचेच. इंटरनेटवरचे त्वचेचे सल्ले बरेचदा मुंबईच्या दमट हवेतले किंवा कोरियातल्या थंड हवेतले असतात. ते चुकीचे नसतात, पण ते आपल्या यावल-चोपड्याच्या मे महिन्यासाठी दिलेले नसतात.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ओलावा देणारे घटक. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

पहिला प्रकार पाणी ओढून धरणारा: ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया, सॉर्बिटॉल. हवा दमट असेल तर हे बाहेरचंही थोडं पाणी धरतात. हवा कोरडी ठणठणीत असेल तर बाहेर धरायला पाणीच नसतं. मग ते त्वचेच्या खालच्या थरांतून पाणी वर ओढतात आणि वर आलेलं पाणी उडून जातं. भर उन्हाळ्यात कोरड्या चेहऱ्यावर नुसतं हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम लावून ‘चेहरा आणखीच ताणला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुली मी बघते. त्यांचं सीरम बनावट नसतं. ते लावायची पद्धत या हवेला जुळत नाही.

दुसरा प्रकार फटी भरणारा: सेरामाइड, स्क्वालेन, वनस्पतींची तेलं, कोलेस्टेरॉल. यांनी त्वचा मऊ पडते आणि मोडलेला पदर सांधायला मदत होते. यादीत ‘सेरामाइड एनपी’, ‘सेरामाइड एपी’ अशी नावं दिसली तर ते खरे सेरामाइड.

तिसरा प्रकार झाकण घालणारा: पेट्रोलॅटम, डायमेथिकोन, मेण, लॅनोलिन. यात सर्वांत जोरदार पेट्रोलॅटम, म्हणजे साधी पेट्रोलियम जेली. त्वचेतून उडून जाणारं पाणी ती जवळजवळ पूर्ण थोपवते. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. त्यानंतर दीडशे वर्षांत इतकं स्वस्त आणि इतकं निरुपद्रवी दुसरं झाकण फारसं मिळालेलं नाही. ‘पेट्रोलचा गाळ आहे, त्वचेला घातक’ असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. औषधी दर्जाची शुद्ध केलेली जेली तशी नसते. डॉक्टर ती जखमांवर आणि लहान बाळांच्या त्वचेवरही वापरायला सांगतात. तिची अडचण एकच, ती चिकट असते आणि घामाच्या दिवसांत चेहऱ्यावर नकोशी होते.

म्हणून आपल्याकडचा साधा क्रम असा. तोंड धुतल्यावर पंचाने नुसतं टिपायचं, खसखसून पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच, दोनेक मिनिटांच्या आत, ग्लिसरीन असलेली क्रीम लावायची. त्याच क्रीममध्ये डायमेथिकोन किंवा पेट्रोलॅटम असेल तर झाकणही आपोआप बसतं. उन्हाळ्यात हलकं लोशन, थंडीत घट्ट क्रीम, आणि ओठ, नाकपुड्या, टाचा यांवर रात्री जेलीचा पातळ हात. ग्लिसरीन स्वस्त आहे म्हणून त्याला कमी समजू नका. हायलुरॉनिक ॲसिडचा मोठा रेणू बहुतांश वरच राहतो. ग्लिसरीनचा रेणू लहान असतो, तो वरच्या थरांत नीट मुरतो. दोन्हीतलं एकच घ्यायचं झालं तर मी ग्लिसरीन घेईन.

साबण आणि बोअरचं पाणी

पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा: सातच्या खाली आंबट, सातच्या वर त्याच्या उलट, अल्कली. निरोगी त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आंबट. खऱ्या साबणाचा नऊ-दहा. प्रत्येक धुण्यात हा आंबटपणा काही काळ बिघडतो आणि फटींतली स्निग्धताही थोडी वाहून जाते. त्यात आपल्याकडे अनेक घरी बोअरचं जड पाणी. त्या पाण्यातला कॅल्शियम साबणाशी संयोग पावून पांढरा चोथा तयार होतो. बादलीच्या काठाला जो थर बसतो तोच त्वचेवरही बसतो. कितीही पाणी ओतलं तरी तो पूर्ण निघत नाही आणि खाज सुटते. ‘माझ्या मुलीला सगळेच साबण लागतात’ असं सांगणाऱ्या आयांना मी आधी पाण्याबद्दल विचारते.

यादीत ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम पाम कर्नलेट’ अशी नावं असतील तर तो खरा साबण. ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ पहिल्या काही नावांत असेल तर ती सिंडेट वडी, म्हणजे खऱ्या साबणाऐवजी कृत्रिम धुण्याच्या द्रव्याची वडी. तिचा पीएच त्वचेच्या जवळपास ठेवता येतो आणि जड पाण्यात चोथाही होत नाही. कोरड्या किंवा खाजऱ्या त्वचेसाठी जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्यावेत. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा असतो, म्हणजे एकूण मेदद्रव्य. ७६ टक्के किंवा अधिक असेल तर पहिल्या दर्जाचा साबण, ७० ला दुसरा, ६० ला तिसरा. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीला मात्र ४० टक्केही चालतात. घरातल्या वड्या एकदा उलटून बघाच.

फेसवॉशमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर जपून. प्रयोगशाळेत त्वचा मुद्दाम चिडवून पाहायची असते तेव्हा संशोधक हाच पदार्थ वापरतात. त्याच्यासारख्याच नावाचं सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य असतं आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन आणखी सौम्य. शिवाय दिवसातून दोनदा चेहरा धुणं पुरे आहे. धुळीतून आल्यावर मधे नुसतं पाणी मारा.

ऊन

आता ज्यावर सर्वांत जास्त पैसा खर्च व्हायला हवा आणि ज्यावर सर्वांत कमी होतो ते सनस्क्रीन. काळे डाग, वांग, मुरमांचे उरलेले डाग, अकाली सुरकुत्या, या सगळ्यांत ऊन वाटेकरी असतं. डागांसाठी हजाराचं सीरम आणि सनस्क्रीन शून्य, हा हिशेब कधीच जुळत नाही. सीरम रात्री जेवढं काम करतं तेवढं दुसऱ्या दिवशीची दुपार पुसून टाकते.

एसपीएफचा आकडा मुख्यतः अतिनील-बी किरणांबद्दल सांगतो, ज्यांनी त्वचा भाजते. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के किरणं अडवतं, ३० सुमारे ९७, आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे तिसावरून पन्नासावर गेल्याने फरक पडतो तो एका टक्क्याचा. अतिनील-ए किरणं खोल जातात, त्वचा काळवंडवतात आणि काचेतूनही येतात. खिडकीशी बसून रोज जळगाव-धुळे बसचा प्रवास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्यापासूनच्या संरक्षणासाठी ‘पीए’ आणि त्यापुढच्या अधिकच्या (+) चिन्हांकडे पाहायचं. तीन किंवा चार चिन्हं असलेलं घ्या.

आतले घटक दोन घराण्यांचे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजं. संवेदनशील त्वचेला, लहान मुलांना, गरोदर बायकांना ही बरी. पण सावळ्या रंगावर ती राखाडी दिसतात आणि म्हणूनच बायका ती लावायची सोडून देतात. दुसरं घराणं ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलिन, टिनोसॉर्ब वगैरेंचं. ही पारदर्शक असतात. ॲव्होबेन्झोन एकटं असेल तर उन्हातच विघटित होतं. सोबत ऑक्टोक्रिलिन असेल तर ते टिकतं. ज्यांना वांग आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, थोडी त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन शोधावं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो, आणि तो अडवायचं काम आयर्न ऑक्साइड करतं. ‘सावळ्यांना सनस्क्रीन लागत नाही’ हा समज काढून टाकावा. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन भाजण्यापासून बरंच वाचवतं, पण डागांच्या बाबतीत तेच मेलॅनिन त्रास देतं.

बाटलीवरचा एसपीएफ मोजताना चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. चेहरा आणि मानेला तर्जनी-मधलं बोट भरून दोन रेघा, हे साधारण बरोबर माप. त्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही जेमतेम पुरते, विशेषतः दोन-अडीच तासांनी पुन्हा लावायचं म्हटलं तर. महागडं सनस्क्रीन कंजुषीने लावण्यापेक्षा परवडणारं भरपूर लावा.

शेतात राबणाऱ्या बाईला मात्र मी सनस्क्रीनच्या आधी कापड सांगते. कापूस वेचताना, केळीच्या बागेत, दिवसभर घाम येताना दर दोन तासांनी कोण क्रीम लावणार? घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हे उत्तम संरक्षण आहे. विरळ पांढरं सुती कापड त्यापेक्षा बरंच कमी अडवतं आणि घामाने ओलं झालं की आणखी कमी. बापू-आबांचा बागायती रुमाल डोक्याला चांगला, पण गाल आणि मान उघडी राहतात.

तक्रारीप्रमाणे औषधी घटक

ओलावा, सौम्य धुणं आणि उन्हापासून बचाव एवढं सहा आठवडे नीट केलं की कितीतरी तक्रारी आपोआप कमी होतात. त्यानंतरही उरलेल्या तक्रारीसाठी एक घटक निवडायचा. एका वेळी एकच. चार सीरमं एकत्र सुरू केली आणि चेहरा लाल झाला तर दोष कुणाचा हे कुणीच सांगू शकत नाही. नवीन काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघायचं.

मुरमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने बंद झालेल्या छिद्रात उतरून आतला काळा-पांढरा खडा सैल करतं. प्रमाण अर्धा ते २ टक्के. फेसवॉशमध्ये ते अर्ध्या मिनिटात धुऊन जातं, त्यामुळे लावून ठेवायचं जेल जास्त उपयोगी. लाल, पू धरलेल्या मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते मुरमांतले जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडीच टक्क्यांचं जेल घ्यावं. दहा टक्क्यांचं त्याहून फारसं जास्त काम करत नाही, भाजतं मात्र जास्त. ते टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, म्हणून पांढरा अभ्रा वापरा.

नायसिनामाइड म्हणजे जीवनसत्त्व बी-३. सध्या जी मुलगी येते ती याचंच नाव घेते, आणि घटक खरोखर गुणी आहे. ते त्वचेला स्वतःचे सेरामाइड बनवायला मदत करतं, तेलकटपणा थोडा कमी करतं आणि रंगद्रव्याचे कण खालच्या पेशींतून वरच्या पेशींत जाण्याला आळा घालतं. २ ते ५ टक्क्यांत हे सगळं होतं. बाजारात १० टक्के, १५ टक्के अशी चढाओढ लागली आहे. जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा असं नाही, जास्त चुरचुर मात्र होऊ शकते. साध्या क्रीमच्या यादीत ते वरच्या पाच-सहा नावांत असेल तर वेगळं सीरम घ्यायची गरज नाही.

जीवनसत्त्व सी बद्दल मला खान्देशातल्या वाचकांना विशेष सांगायचं आहे. शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के आणि पीएच साडेतीनच्या खाली असेल तरच त्वचेत नीट शिरतं. वीसच्या वर गेल्याने जास्त शिरत नाही. पण हा फार नाजूक रेणू आहे. हवा, उजेड आणि उष्णता या तिघांनी तो खराब होतो. पाणीदार सीरम पिवळं, मग तपकिरी झालं की त्यातला दम संपला. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, मे महिन्यात, पारदर्शक बाटलीत ते किती टिकणार? ऑनलाइन मागवलेलं पार्सल तर दिवसभर तापलेल्या गाडीत फिरून येतं. घ्यायचंच असेल तर गडद रंगाची छोटी बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, तीन महिन्यांत संपवा. नाहीतर इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडसारखी टिकाऊ रूपं बघा. तरीही खर्च जमत नसेल तर मी जीवनसत्त्व सी सोडून सनस्क्रीन घ्यायला सांगेन.

वांग आणि मुरमांनंतरच्या डागांसाठी अझेलिक ॲसिड मला फार मोलाचं वाटतं. १० ते २० टक्क्यांत मिळतं, मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणात डॉक्टरही ते सांगतात. पहिले काही दिवस खाज येते. अल्फा आर्ब्युटिन आणि कोजिक ॲसिड त्याहून सौम्य आणि सावकाश. ग्लायकोलिक ॲसिडने वरची मेलेली साल निघते, पण त्वचा उन्हाला हळवी होते. एप्रिल-मे सोडून, थंडीत, रात्री, आठवड्यातून एक-दोनदा एवढंच. हायड्रोक्विनोन हे डागांवरचं जुनं आणि जोरदार औषध, पण ते वर्षानुवर्षं लावत राहिल्यास त्वचेत निळसर-काळा, न जाणारा रंग बसू शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच आणि ठरलेल्या काळापुरतंच.

रेटिनॉल म्हणजे जीवनसत्त्व ए चं रूप. त्वचेत ते दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक ॲसिड बनतं आणि मग काम करतं: पेशींची उलाढाल वाढते, बारीक सुरकुत्या आणि डाग कमी होतात. ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक ॲसिडच. अमेरिकेत १९७१ साली मुरमांवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. अडापलीन हा याच घराण्यातला मुरमांसाठीचा सौम्य भाऊ. सगळी रात्रीच लावायची, चेहऱ्यासाठी मिळून वाटाण्याएवढी, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पहिल्या महिन्यात साल निघते, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. फळ तीन महिन्यांनी दिसतं. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर हे घराणं पूर्ण वर्ज्य.

स्वयंपाकघरातल्या उपायांबद्दल थोडक्यात. बेसन-साय लावल्याने बिघडत नाही. खोबरेल अंगाला उत्तम, मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला नको. कोरफडीचा गर गार वाटतो, पण पानाचा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या. लिंबू मात्र चेहऱ्याला कधीही नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा अक्षरशः भाजून काळे पट्टे उठवतात. खायच्या सोड्याचंही तसंच, तो उलट बाजूने त्वचेचा आंबटपणा मोडतो. आणि भेगाळलेल्या टाचांना, केळीच्या चिकाने आणि मातीने खरखरीत झालेल्या हातांना युरिया असलेली क्रीम द्या. १० टक्क्यांत युरिया पाणी धरतो, २० च्या वर तो जाड साल मऊ करून सोडवतो. घरातल्या आजीसाठी याहून उपयोगी ट्यूब दुकानात नाही.

ती ट्यूब

‘ताई, तोंडवर डाग पडी ग्यात, काही लावाले दे ना,’ असं म्हणत बाई येते आणि सोबत रिकामी ट्यूब आणते. शेजारणीने दिलेली, पार्लरमध्ये मिळालेली, किंवा कुठल्या तरी दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. आठ दिवसांत चेहरा उजळला, मुरूम बसले, खाज थांबली. सोडली की दुपटीने परत आलं. ट्यूब उलटी केली की मागे नाव असतं: बीटामिथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. ही स्टेरॉइडं आहेत.

योग्य आजारात, योग्य जागी, थोडे दिवस ती फार चांगली औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, नवे मुरूम उठतात, आणि ट्यूब सोडताच चेहरा पेटल्यासारखा जळतो. मग जळजळ थांबवायला पुन्हा तीच ट्यूब. अशा मिश्र मलमांचं मूळ सूत्र अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली वांगासाठी मांडलं होतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिघं एकत्र. ते डॉक्टरच्या नजरेखाली ठरावीक आठवडे वापरायचं औषध होतं. आपल्याकडे त्याचे भाऊबंद गोरेपणाची क्रीम म्हणून विकले गेले. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या बिघाडाला स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा असं वेगळं नावच दिलं आहे. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’ मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. तरी मिळतात. गजकर्णावरही लोक स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावतात. खाज थांबते आणि खाली बुरशी पसरत राहते.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य बनणं थांबवतो, म्हणून बेनामी फेअरनेस क्रीममध्ये तो घालतात, आणि यादीत लिहीत नाहीत. तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली मूत्रपिंडाच्या विकाराचे अनेक रुग्ण अशा क्रीमशी जोडले गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, आणि आठ दिवसांत गोरेपणाचं वचन आहे, अशी डबी भेट म्हणून आली तरी वापरू नका. नुसत्या सौंदर्यप्रसाधनाने कुणी आठ दिवसांत उजळत नाही. डाग फिके व्हायलाच दोन-तीन महिने लागतात.

ट्यूब बरेच महिने लावली असेल तर ती आज अचानक बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने दुसरीही सुरू करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू उतरवतात, सौम्य औषधावर नेतात, सोबत साधी सुगंधरहित क्रीम आणि सनस्क्रीन देतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. खोकं फेकून दिलं असेल तर दुकानात त्याच खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, आणि किती महिने लावली हे लाजून कमी करून सांगू नका. औषध किती सावकाश उतरवायचं ते डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.